वळचणीची कपबशी

लोणच्याच्या बरणीविषयी समीक्षात्मक लेख लिहिता येतो का, असा प्रश्न या अंकाच्या संपादकांनी मला हसत हसत विचारला होता. त्यांना जे तोंडी उत्तर दिले ते येथे सविस्तर मांडतो आहे. आपल्या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात या एका भांड्याला तीन भाषांत नावे आहेत. आपल्या घरी ती बरणी. शेजारच्या कन्नड घरात भरणी किंवा जाडी. बिदरच्या जुन्या मोहल्ल्यात दखनी बोलणाऱ्या घरात ते मर्तबान. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून आलेले हे नाव. वरचा भाग तपकिरी, खालचा दुधाळ, अंगावर काचेसारखी झिलई. तिन्ही घरांत तिच्यात कैरीच मुरते आणि तिच्या तोंडाला दादराच बांधतात. एवढी ओळखीची वस्तू, पण ती ‘सुंदर’ आहे असे आपल्यापैकी कोणी कधी म्हटल्याचे मला आठवत नाही.

हा विचार माझ्या डोक्यात एका पुस्तकामुळे आला. सोएत्सु यानागी (१८८९–१९६१) या जपानी विचारवंताच्या निबंधांचे ‘द अननोन क्राफ्ट्समन’ हे इंग्रजी रूपांतर बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराने १९७२ साली प्रसिद्ध केले. ‘अज्ञात कारागीर’ असे त्या नावाचे मराठी करता येईल. एम.ए.ला सौंदर्यशास्त्राचा अभ्यास करताना हे नाव आमच्या कानावरून गेले नव्हते. पुढे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावर, एका स्नेह्याकडून ते हाती आले. वाचले, भारावलो आणि काही वर्षांनी त्याच्याशी भांडलोही. त्या भारावण्याची आणि भांडणाची ही हकीकत आहे.

यानागी आणि त्यांचे कुंभार मित्र शोजी हामादा व कानजिरो कावाई यांनी १९२५ च्या सुमारास ‘मिंगेई’ हा शब्द घडवला. मिंगेई म्हणजे लोकांची कला. राजवाड्यासाठी, देवळासाठी किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यासाठी नव्हे, तर रोजच्या जेवणासाठी केलेल्या वस्तू: भाताचे वाडगे, चहाची किटली, खारवलेल्या भाज्यांचे डेरे, पाण्याचे रांजण. या वस्तू स्वस्त हव्यात, पुष्कळ संख्येने केलेल्या हव्यात, त्यांवर कोणाची सही नको. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्या सुंदर असतात असे यानागींचे म्हणणे. १९३६ साली त्यांनी तोक्योत अशा वस्तूंचे संग्रहालय उघडले. ते आजही आहे.

या म्हणण्याला आधार होता तो खऱ्या गावांचा. माशिको हे तोक्योच्या उत्तरेकडचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे स्वयंपाकघराची भांडी भाजली जात. तिथल्या किटल्यांवर डोंगर-पाण्याचे देखावे रंगवणारी मासु मिनागावा (१८७४–१९६०) नावाची एक बाई होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण तोच देखावा दिवसाला शेकड्यांनी काढून तिचा हात इतका मोकळा झाला होता, की कुंचला टेकला न टेकला तोच डोंगर उभा राही. क्यूशू बेटावर ओन्ता नावाची वाडी आहे. तिथे अठराव्या शतकाच्या आरंभापासून काही मोजकी घराणी हे काम करतात. ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी उखळांत माती कुटली जाते आणि भांड्यावर कोणी स्वतःचे नाव घालत नाही. झिलई करायची ती लाकडाची किंवा भाताच्या पेंढ्याची राख आणि दगडाची भुकटी पाण्यात कालवून. त्यात भांडे बुडवायचे आणि बाराशे अंशांच्या वरच्या आचेत ठेवायचे. राख वितळून काच होते. चुलीत जे उरते त्याचाच भांड्यावरचा दागिना होतो, हे वाचून मी थक्क झालो होतो.

जपानी भांड्याचे आणखी एक वैशिष्ट्य सांगायला हवे. आपले ताट जमिनीवर किंवा टेबलावर राहते. हात ताटाकडे जातो. जपानी माणूस भाताचा वाडगा उचलून तळहातावर धरतो. त्यामुळे वाडग्याचे वजन, काठाची जाडी, बुडाची कडी, झिलईचा गुळगुळीतपणा या साऱ्यांची परीक्षा डोळा करत नाही, हात आणि ओठ करतात. बुडाच्या कडीला झिलई नसते. नाहीतर भांडे भट्टीतच खाली चिकटेल. तिथे उघडी माती बोटाला लागते. वाचकहो, आपली बरणी रिकामी होईल तेव्हा उलटी करून पाहा. तिच्याही बुडाला उघड्या मातीची तशीच कडी आहे.

आता आपल्या मराठी सौंदर्यविचाराकडे वळू. आम्ही शिकलो ते मर्ढेकर: संवाद, विरोध, समतोल ही लयतत्त्वे. त्यानंतर रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) आणि तिच्यातून भेटलेला कांट. या थोर मंडळींविषयी मला आदरच आहे. पण त्या सगळ्या चर्चेचा कल एका बाजूला होता. वस्तूच्या उपयोगाचा विचार मनातून काढून टाकला की मग सौंदर्याचा अनुभव सुरू होतो, असे आम्ही परीक्षेत लिहीत असू. उपयोगाला बांधलेले ते परायत्त सौंदर्य, म्हणजे दुय्यम. या मोजमापाने बरणी नापासच होणार. यानागी नेमके उलट सांगतात: उपयोग काढून टाकला तर पाहायला काही उरतच नाही.

मला हे पटले, कारण बरणीच्या बाबतीत ते ताडून पाहता येते. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. म्हणून कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. कुंभाराचे कच्च्या अंगाचे मडके आठशे-नऊशे अंशांच्या आसपास भाजलेले, सच्छिद्र. ते तेल आणि मीठ पिऊन टाकते. बरणीची झिलई ना आंबटाला दाद देते, ना मिठाला. उलट पाण्याचा माठ पाहा. त्याला झिलई केली तर पाझर थांबेल आणि पाणी गार होणार नाही. माठाने झिलई नाकारली आणि बरणीने ती घेतली. दोघांचेही रूप त्यांच्या कामातून आले आहे. मर्ढेकरांचा समतोल इथेही आहे, फक्त तो उन्हाळ्याशी आणि कैरीशी साधलेला आहे.

आपल्या बिदरकडे या नजरेने पाहिले की काही गोष्टी लक्षात येतात. महमूद गवानने १४७२ साली मदरसा बांधला, त्याच्या दर्शनी भिंतीवर झिलईच्या रंगीत फरशा बसवल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात मोठा भाग कोसळला. उरलेल्या भिंतीवरची निळाई आजही डोळ्यांत भरते. म्हणजे झिलईची विद्या या गावाला साडेपाचशे वर्षांपूर्वीपासून ठाऊक होती. पण ती भिंतीवर चढली, ताटाशेजारी उतरली नाही. ताटाशेजारची चिनी माती आली ती फार उशिरा, सौराष्ट्रातल्या थानगढ-वांकानेरसारख्या गावांतल्या कारखान्यांतून, गवतात बांधून. दुसरीकडे बिदरी कामाचा प्रवास उलटा झाला. जस्त-तांब्याच्या मिश्र धातूवर चांदीची तार ठोकून, किल्ल्यातल्या मातीने आणि नवसागराने काळी केलेली ही भांडी एके काळी वापरायची होती: हुक्क्याचे बूड, पानदान, सुरई. आज ती सत्कारात देण्याची वस्तू झाली आहे. २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पण बिदरी सुरईतून पाणी प्यालेला माणूस मला भेटलेला नाही. माझ्याही कपाटात एक बिदरी फुलदाणी आहे. तिच्यात आजवर फूल ठेवलेले नाही.

इथपर्यंत मी यानागींचा शिष्य होतो. आता भांडणाकडे येतो.

पहिले भांडण ‘अज्ञात’ या शब्दाशी. यानागी १९३१ साली क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरातले ‘किझाएमोन’ नावाचे प्रसिद्ध चहाचे वाडगे पाहायला गेले. ते कोरियात घडलेले. पेटीत पेटी, त्यात पेटी असे जपून ठेवलेले. पाहून ते म्हणाले, हे तर गरीब कोरियन माणसाचे साधे भाताचे वाडगे! करणाऱ्याला आपण सुंदर काही करतो आहोत याची कल्पनाही नव्हती. अहंकार नव्हता, म्हणूनच ते असे झाले. विचार मोहक आहे. त्यामागे अमिताभ बुद्धाच्या कृपेवर सर्व सोपवणाऱ्या पंथाची श्रद्धाही आहे. पण इतिहास जरा वेगळे सांगतो. १५९२ ते १५९८ या काळात हिदेयोशीच्या सैन्याने कोरियावर स्वाऱ्या केल्या तेव्हा तिथले कुंभार पकडून जपानात नेले गेले. १९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. यानागींनी कोरियन लोकांची बाजू धैर्याने मांडली, सोलमध्ये त्यांच्या कलेचे संग्रहालय उभारले, हे खरे. तरीही त्या कुंभाराचे नाव का उरले नाही, याचे कारण केवळ त्याची निरहंकारी वृत्ती हे नव्हे. ते कोणी विचारलेच नाही, हेही कारण आहे.

आपल्याला हे लवकर कळायला हवे, कारण आपल्या गावगाड्यात कुंभार बलुतेदार होता. त्याचे मडके लग्नाला लागे, संक्रांतीच्या सुगडाला लागे आणि अंत्ययात्रेलाही लागे. त्यावर त्याची सही नव्हती ती विनयामुळे नव्हे; सही करण्याजोगी जागा समाजाने त्याला दिली नव्हती. ती जागा दिली संतांनी आणि शरणांनी. या बाबतीत आपला सीमाभाग भाग्यवान आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांसारख्यालाही कच्चे ठरवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भालकीच्या कुंभार गुंडय्याची कथा मात्र मराठी घरांत फारशी सांगितली जात नाही. हरिहर या कन्नड कवीने आपल्या रगळेत ती सांगितली आहे. गुंडय्या मडके थापटू लागला की त्या ठोक्यावर साक्षात शिव नाचू लागे. एकाचे थापटणे परीक्षा घेते, दुसऱ्याचे ताल धरते. तेर आणि भालकी यांच्यामध्ये आज राज्याची सीमा आहे. पण मातीवर पडणारा ठोका दोन्हीकडे तोच. जपानच्या विचारवंताने भांडे पाहिले आणि कुंभाराला अज्ञात राहू दिले. आपण कुंभाराचे नाव घेतले, त्याला काका म्हटले, पण त्याचे भांडे कधी निरखून पाहिले नाही. दोन्ही अर्धेच राहिले.

दुसरे भांडण अधिक घरचे आहे. ते लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आजी गुलबर्ग्याच्या शरणबसवेश्वराच्या जत्रेतून सहा कपबश्या घेऊन आली. पांढऱ्या झिलईच्या, काठाला निळी रेघ. घरी गवत सोडून सहाही ओट्यावर मांडल्या. पाच आत फडताळात गेल्या. सहावी तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “ही वळचणीला ठेव. तात्याची जुनी फुटलीय.” तात्या म्हणजे आमचे सालगडी. आम्ही मुले त्यांना तात्याच म्हणत असू, आजी आजारी पडली तेव्हा त्यांनीच तिला गाडीत घालून तालुक्याला नेले होते. पण चहा प्यायचा तो अंगणात, वळचणीची कपबशी स्वतः काढून, वरून ओतलेला. प्यायचा आणि स्वतःच विसळून पुन्हा वळचणीला उपडी घालायची. मी ती सहावी कपबशी वळचणीला ठेवली. मला काहीच वाटले नाही, हे आज सांगायला हवे.

एकाच खोक्यातल्या सहा. तीच माती, तीच झिलई, तीच निळी रेघ. मर्ढेकरांची लय पाहायची तर सहांतही सारखी. यानागींची उपयुक्तता पाहायची तर तीही सारखी. तरी त्यांतली एक निराळी होती, आणि तिचे निराळेपण तिच्यात कुठेच दिसत नव्हते. झिलईचा गुणच असा की तिच्यात काही मुरत नाही. धुतली की स्वच्छ. सच्छिद्र मडके विटाळते म्हणून फोडावे, या जुन्या समजुतीला निदान सच्छिद्रतेचा आधार होता. झिलईने तो आधारही काढून घेतला. तरीही आपण विटाळ सोडला नाही. तो भांड्यातून काढून वळचणीत ठेवला.

हे एकट्या आमच्या घराचे नव्हते. कपाचा इतिहास आपल्याकडे मोठमोठ्यांनाही भोवला आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे ग्रामण्य माजले आणि रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्ताचा पेच कसा पडला, हे सर्वश्रुत आहे. पण ते प्रायश्चित्त देऊन मोकळे होता येत होते. तात्यांसाठी तशी सोय नव्हती. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात उपाहारगृहातल्या भांड्यांचा वापर नाकारणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला आहे. कायदा करणाऱ्यांना भांड्याचे महत्त्व सौंदर्यशास्त्रज्ञांपेक्षा अधिक नेमके कळले होते, असे मला वाटते.

जपानी घरात भाताचा वाडगा ज्याचा त्याचा वेगळा असतो. वडिलांचा मोठा, आईचा त्याहून लहान, मुलांचा आणखी लहान. दुसऱ्याने तो घ्यायचा नाही. हे प्रथम वाचले तेव्हा मला वळचण आठवून अंगावर काटा आला होता. पण तिथे वेगळा वाडगा म्हणजे या घरात तुझी जागा आहे. आमच्या वळचणीच्या कपबशीचा अर्थ याच्या नेमका उलट होता. अर्थात जपान म्हणजे स्वर्ग नव्हे. चामड्याचे आणि कत्तलीचे काम करणाऱ्या बुराकुमिन लोकांना तिथेही शतकानुशतके बाहेर ठेवले गेले. १८७१ साली कायद्याने तो भेद मिटला, मनातून लवकर मिटला नाही. यानागींचे निबंध वाचताना मला राहून राहून वाटते की ‘लोकांची कला’ म्हणताना या लोकांच्या वाडग्याविषयीही त्यांनी लिहायला हवे होते.

आता काळ बदलला. रस्त्यावरच्या टपरीत सर्वांना सारखाच कागदाचा कप मिळतो. त्यामुळे प्रश्न सुटला असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. पिऊन फेकायचा कप कोणाचाच नसतो. तो कोणाला शेजारी बसवत नाही आणि कोणाला बाहेरही ठेवत नाही. एकच कप धुऊन पुन्हा वापरायचा, आज तुम्ही आणि उद्या मी, यात जो विश्वास लागतो तो न शिकताच आपण पुढे निघालो आहोत.

आजी गेली. फडताळातल्या पाचही कपबश्या वापरता वापरता फुटल्या. वळचणीची मात्र टिकली, कारण तात्यांनी ती फार जपली. तात्याही गेले. यानागींच्या प्रभावात असताना मी ती काढून आणली, स्वच्छ केली आणि बैठकीच्या कपाटात बिदरी फुलदाणीशेजारी मांडली. चहाच्या डागाने झिलईतल्या बारीक चिरा तपकिरी झाल्या होत्या. जपानी रसिक अशा चिरांवर जीव टाकतात. आल्यागेल्याला मी त्या दाखवीत असे.

एका दिवाळीत तात्यांचा मुलगा फराळाला आला. तो आता आमच्याच तालुक्यात शिक्षक आहे. आम्ही एकाच टेबलाशी बसून एकसारख्या कपांतून चहा घेतला. मग त्याची नजर कपाटाकडे गेली. थोडा वेळ तो काही बोलला नाही.

“सर, ही इथं कशाला ठेवलीय?”

“जुनी आहे. सुंदर आहे,” मी म्हणालो.

“असंल,” तो म्हणाला. “पण तात्यांना कधी तसं वाटलं नसणार.”

सौंदर्यशास्त्रावरचे माझे सगळे वाचन त्या एका वाक्यापुढे अपुरे पडले. वापरातून वस्तूला सौंदर्य येते, हे यानागींचे म्हणणे मी आजही खरे मानतो. पण वापर कोणाचा, कोणत्या जागी, कोणाच्या नजरेखाली, हे विचारल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही. ज्याने ती कपबशी वीस वर्षे ओठाला लावली त्याला ती सुंदर म्हणायची मोकळीक नव्हती. आणि ज्याने ती वळचणीला नेऊन ठेवली, तो तिला काचेमागे मांडून रसिक म्हणवून घेत होता. समीक्षकाने हे पाहिले नाही तर त्याची समीक्षाही वरवरची झिलईच ठरेल.

निघताना तो म्हणाला, “सर, ती मी नेऊ का?”

मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिली. पुढे त्याने तिचे काय केले, ते मी विचारलेले नाही. कपाटात आता फुलदाणी एकटी आहे. या दिवाळीला तिच्यात झेंडूची फुले ठेवायची, असे आमच्या घरी ठरले आहे.